मुंबई विद्यापीठाचे पहिले दोन भारतीय कुलगुरू आणि संस्कृत नाटक

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्यानंतर पस्तीस वर्षे कुलगुरुपद युरोपीय व्यक्तींकडेच राहिले. १८९२ मध्ये हे पद काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्याकडे आले. १८९३ मध्ये त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची नियुक्ती झाली. पहिला न्यायमूर्ती, दुसरा प्राध्यापक. मात्र दोघांच्याही विद्वत्कीर्तीत संस्कृत नाटकाच्या चिकित्सक संपादनाचा मोठा वाटा होता, या गोष्टीकडे विद्यापीठाच्या इतिहासाची चर्चा करताना सहसा लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या योगायोगाचा, विशेषतः तेलंगांच्या कारकिर्दीच्या अनुषंगाने, विचार केला आहे. कर्जत-खालापूर परिसरातील कला-वाणिज्य महाविद्यालये याच विद्यापीठाच्या छत्राखाली वाढली असल्याने हा विषय आपणांस परका नाही.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत झाला. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन ते १८७२ मध्ये उच्च न्यायालयात वकिली करू लागले. रामायण हे होमरच्या काव्यावरून रचले गेले, या वेबरच्या मताचे त्यांनी केलेले खंडन १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. बॉम्बे संस्कृत सिरीजसाठी त्यांनी विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ धुंडिराजाच्या टीकेसह संपादित केले. ते १८८४ मध्ये निघाले. या नाटकाकडे एका वकिलाचे लक्ष जावे, हे साहजिकच म्हटले पाहिजे. येथे शृंगार जवळजवळ नाही. आहे ती राक्षसाची हाती लागलेली अंगठी, शकटदासाकडून त्याच्या नकळत लिहवून घेतलेले पत्र, आणि त्या बनावट पुराव्यावर मलयकेतूचा बसलेला विश्वास. पाचवा अंक तर एखाद्या न्यायालयीन चौकशीसारखाच वाचता येतो.

परंतु तेलंगांचे खरे काम पोथ्यांच्या ताडनात आहे. भरतवाक्यात काही पोथ्या ‘चंद्रगुप्त’ असे नाव देतात, तर काही ‘अवंतिवर्मा’ असे. या पाठभेदावर नाटकाचा काळ अवलंबून आहे. तेलंगांनी हा अवंतिवर्मा म्हणजे कनोजचा मौखरी राजा असे मानले. याकोबीने तो काश्मीरचा ठरवून नाटक नवव्या शतकात नेले. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. तरीही साक्षीदारांची विश्वसनीयता तपासावी तशी एकेक पोथी तपासण्याची तेलंगांची पद्धत आजच्या संशोधकालाही अनुकरणीय वाटेल. याशिवाय लेसिंगचे ‘नेथन’ हे नाटक त्यांनी मराठीत आणले. त्यातील तीन धर्मांची कथाही अंगठीभोवतीच फिरते, हे गमतीचे आहे.

विद्यापीठाच्या कारभारात ते कुलगुरू होण्यापूर्वीच मुरलेले होते. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कुलगुरुपद तेव्हा मानद असे, त्यामुळे न्यायदान सांभाळूनच ते निभवावे लागले. १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. इतक्या अल्प कारकिर्दीवरून प्रशासक म्हणून त्यांचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरेल.

भांडारकर हे १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. त्यांचे अध्यापकीय आयुष्य मुंबईचे एल्फिन्स्टन आणि पुण्याचे डेक्कन या दोन महाविद्यालयांत विभागले गेले. १८५८ मध्ये पुण्याकडून रेल्वे खंडाळ्यापर्यंत आली, तरी खोपोलीपासून घाट पालखीने वा तट्टावरून चढावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला होऊन गाडी थेट कर्जतला उतरू लागली. दोन शहरांचे मिळून एक विद्याक्षेत्र बनले, त्यात आपल्या या घाटपायथ्याचा वाटा मोजला पाहिजे. भवभूतीचे ‘मालतीमाधव’ त्यांनी जगद्धराच्या टीकेसह १८७६ मध्ये प्रसिद्ध केले.

येथे एक उणीव नोंदवणे भाग आहे. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ही दोन्ही नाटके या आवृत्त्यांपूर्वीच मराठीत आणली होती, आणि १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर गाजू लागले होते. तरीही विद्यापीठाच्या लेखी नाटक म्हणजे शब्द, पाठ आणि व्याकरण एवढेच राहिले; प्रयोगाला तेथे स्थान नव्हते. दोष या दोघांचा नव्हे, त्या काळच्या अभ्यासक्रमाचा. नाट्यप्रयोगाच्या शिक्षणाची स्वतंत्र अकादमी मुंबई विद्यापीठात एकविसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली.

भांडारकरांनी १८९५ पर्यंत कुलगुरुपद सांभाळले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९०५ मध्ये, ‘मालतीमाधवा’ची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ते अडुसष्टाव्या वर्षात होते.