कुत्र्या-मांजरांच्या पोटातील जंत माणसाला होतात का?

शेतावरचा राखणदार कुत्रा आणि गोठ्यात उंदरांसाठी ठेवलेले मांजर बहुतेक शेतकरी कुटुंबांत असते. त्यांच्या पोटातील काही जंतांमुळे माणसाला आजार होऊ शकतो. मात्र कुत्र्याला हात लावला की लगेच जंत झाले, असे होत नाही. बहुतेक वेळा संसर्ग विष्ठेने दूषित झालेली माती, न धुतलेले हात आणि कच्चा भाजीपाला यांतून होतो. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरांत आणखी एक साखळी असते. ती सर्वांत गंभीर असूनही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. म्हणून तिच्याविषयी खाली सविस्तर दिले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. लहान मुलांना रात्री शौचाच्या जागी खाज आणणारे दोऱ्यासारखे पांढरे जंत कुत्र्या-मांजरापासून येत नाहीत. ते माणसाकडूनच माणसाला होतात. त्यासाठी घरातल्या कुत्र्याला दोष देऊ नये.

गोल जंत आणि हुकवर्म

पिलांमध्ये गोल जंत सर्वाधिक आढळतात. कुत्रीच्या पिलांना ते आईच्या पोटात असतानाच होतात, तर मांजरीच्या पिलांना दुधातून होतात. पोट फुगलेले, पण अंगावर मांस नसलेले पिलू बहुधा जंतांनी भरलेले असते. विष्ठेतून पडलेली अंडी ताजी असताना माणसाला बाधत नाहीत. मातीत साधारण २ ते ४ आठवडे राहिल्यावर ती संसर्गक्षम होतात आणि पुढे अनेक महिने, ओलसर सावलीत तर वर्षानुवर्षे टिकतात. विष्ठा रोजच्या रोज उचलण्याचा फायदा यातच आहे.

अशी अंडी तोंडावाटे पोटात गेली, तर माणसात त्यांचे मोठे जंत होत नाहीत. अळ्या यकृत, फुप्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात. डोळ्यात गेलेली अळी दृष्टी कायमची बिघडवू शकते. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना हा धोका अधिक असतो.

हुकवर्मच्या अळ्या उबदार, ओल्या मातीत सुमारे आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरतात. त्वचेवर नागमोडी, लाल, खूप खाजणारी रेघ उमटते. तिला गजकर्ण समजून मलम लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. कुत्र्या-मांजरांमधील हुकवर्मची एक जात माणसाच्या आतड्यातही वाढते. ती भारतात आढळते.

शेळ्या-मेंढ्या, कुत्रा आणि हायडॅटिड गाठ

कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर व कुरणात पडतात. शेळी, मेंढी, गाय किंवा म्हैस ती चाऱ्यासोबत खाते आणि तिच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या फुग्यांसारख्या गाठी तयार होतात. जनावर कापल्यावर या गाठी दिसतात. खराब भाग म्हणून तो बाजूला काढला जातो आणि सवयीने कुत्र्यापुढे टाकला जातो. तेथे साखळी पूर्ण होते. कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत तयार होतात आणि साधारण दीड महिन्यानंतर विष्ठेतून अंडी पडू लागतात.

माणसाच्या पोटात ही अंडी गेली, तर त्याच्याही यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वाढते. ती अनेक वर्षे काहीही त्रास न देता वाढत राहते आणि पुष्कळदा सोनोग्राफीत अचानक सापडते. उपचारासाठी दीर्घकाळ औषधे किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. गाठ शरीरात फुटली तर जिवाला धोका असतो.

येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, माणसाला ही गाठ मटण खाल्ल्याने होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे होते. दुसरी, ही अंडी गोल जंतासारखी मातीत मुरावी लागत नाहीत. ती पडल्याक्षणी संसर्गक्षम असतात आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटलेली असू शकतात. असा कुत्रा बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो, त्यामुळे लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

जत्रेत, घरच्या कार्यात किंवा मेलेले जनावर फाडताना निघालेली गाठींची फुप्फुसे-यकृत जाळावीत किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतकी खोल पुरावीत. कुत्र्याला हे अवयव द्यायचेच असतील, तर किमान अर्धा तास उकळून द्यावेत. माझ्या मते, सगळ्या उपायांत ही एक सवय पहिली लावावी.

मांजर, चाऱ्याची खोली आणि गाभण शेळी

मांजराच्या आतड्यात टोक्सोप्लाझ्मा हा डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी असतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे तो विष्ठेतून बाहेर पडतो. मांजर भुसभुशीत जागी विष्ठा पुरते, म्हणजे वाळूचा ढीग, भाजीचा वाफा किंवा भुशाची रास. दूषित खाद्यामुळे गाभण शेळ्या-मेंढ्या गाभडतात. गरोदर स्त्रीला या काळात प्रथमच लागण झाली, तर गर्भाला धोका असतो. म्हणून गरोदर स्त्रीने मांजराची घाण काढू नये, वाफ्यात काम करताना हातमोजे घालावेत आणि अर्धवट शिजलेले मटण टाळावे. मांजर घरातून काढून टाकण्याची गरज नाही. पेंड व भरड्याची पिंपे झाकून ठेवावीत.

जंतनाशक देताना

पिलांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी दोन महिन्यांची होईपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. व्यायलेल्या आईलाही द्यावे. पायरँटेल गोल जंत व हुकवर्मवर चालते, पट्टकृमीवर नाही. त्यासाठी प्राझिक्वान्टेल लागते. कळपासोबत फिरणाऱ्या किंवा कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला ते अधिक वेळा द्यावे लागते. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी, शेळीचे उरलेले औषध अंदाजाने पाजू नये. प्राझिक्वान्टेल जंत मारते, त्यांची अंडी मारत नाही. म्हणून औषधानंतर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा आणि विष्ठा जाळावी किंवा खोल पुरावी.

कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर तो पिसवांमधून होणारा वेगळा पट्टकृमी असतो. तेथे औषधासोबत पिसवांचाही बंदोबस्त करावा, नाहीतर जंत परत येतात.

फिनेल किंवा सॅनिटायझरने जंतांची अंडी मरत नाहीत. हात साबणाने चोळून धुवावेत, नखे कापावीत. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवून घ्यावे. कुत्र्या-मांजरांची विष्ठा शेणखताच्या उकिरड्यात टाकू नये, कारण सगळा ढीग पुरेसा तापत नाही आणि तेच खत पुढे भाजीच्या वाफ्यात जाते.

मुलांना शाळेत व अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडॅझोलची गोळी जरूर द्यावी. मात्र ती माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी आहे. यकृतातील गाठ किंवा डोळ्यातील अळी त्या एका गोळीने बरी होत नाही. पोटात उजवीकडे सतत जडपणा, जुनाट खोकला किंवा एका डोळ्याने अंधुक दिसणे अशी तक्रार असेल, तर तपासणीच्या वेळी घरी कुत्रा आणि शेळ्या-मेंढ्या आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.