पचमढी : नागपूर सरकारचे उन्हाळी ठाणे

1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथने सातपुड्यातल्या सुमारे 1,067 मीटर उंचीच्या पठारावर ‘बायसन लॉज’ बांधला. पचमढीतली ही सर्वांत जुनी इंग्रजी वास्तू. हा मुलूख कोरकूंचा. 1858 मध्ये इंग्रजांविरुद्धच्या उठावात तात्या टोपेंना साथ देणारा स्थानिक सरदार भभूतसिंह याच डोंगरांतला. तेव्हा इंग्रज इथे निव्वळ थंड हवेसाठी आले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

1870 च्या सुमारास इटारसी-जबलपूर लोहमार्ग सुरू झाला आणि पिपरिया स्थानकाहून वर चढणे सोपे झाले. आधी छावणी व आजारी गोऱ्या सैनिकांचे आरोग्यधाम आले. पुढे उन्हाळ्यात सरकारी कारभारही नागपूरहून वर येऊ लागला.

शिमल्याला घरे उतारावर एकावर एक चढली. पचमढीचे पठार मात्र परातीसारखे : मध्ये सपाटी, कडेला धूपगड, चौरागड यांसारखी शिखरे. त्यामुळे रस्ते रुंद झाले, बंगले एकमेकांपासून दूर, प्रशस्त आवारात विखुरले. जाड दगडी भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे खोल व्हरांडा, स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या मागे, ही त्यांची ठरलेली घडण. बाजार एका बाजूला दाटीवाटीने राहिला. मोकळी जागा साहेबाच्या वाट्याला आली.

1875 चे क्राइस्ट चर्च मात्र थांबून पाहावे असे. त्याच्या अर्धगोल घुमटाच्या कमानी जिथे टेकतात तिथे देवदूतांचे चेहरे कोरलेले आहेत, आणि रंगीत काचा युरोपातून आणलेल्या. 1892 च्या कॅथलिक चर्चचा थाट त्यापेक्षा साधा.

या आराखड्यात यात्रेकरूला जागा नव्हती. पांढुर्णा, सौंसर, जामसांवली आणि अवघ्या विदर्भातली माणसे महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात, नागपंचमीला नागद्वारीची गुहा गाठतात. त्यांची पचमढी बंगल्यांची नव्हे, महादेवाची.

राजधानी भोपाळला गेली, छावणी राहिली. भोवती 1981 पासून सातपुडा राष्ट्रीय उद्यान असल्याने गावाला पसरायला वाव उरला नाही. वस्ती जेमतेम 12 हजारांची. नागपंचमीला येणारे लाखो. त्यांच्यासाठी दरवर्षी पाणी, दिवे, दवाखाने यांची तात्पुरती सोय प्रशासनाला नव्याने करावी लागते.