म्युनिकने विंडोज सोडले, पुन्हा धरले

२००३च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंगच्या सुट्टीवर होते. ती अर्धवट टाकून त्यांनी म्युनिक गाठले, महापौर ख्रिस्तियान ऊडे यांची मनधरणी करायला. प्रश्न होता महापालिकेच्या सुमारे चौदा हजार संगणकांचा.

त्या संगणकांवर विंडोज एनटी ४ होते आणि त्याला मिळणारा आधार कंपनी थांबवणार होती. यंत्रे चालत होती, कामे होत होती. तरी पैसे मोजून पुढची आवृत्ती घेणे भाग होते. वेळापत्रक कंपनीने ठरवायचे आणि बिल पालिकेने भरायचे, हेच नगरसेवकांना खटकत होते. मायक्रोसॉफ्टने आपली बोली ३.६६ कोटी डॉलरवरून २.३७ कोटींपर्यंत उतरवली. आयबीएम आणि जर्मन कंपनी सुसे यांची लिनक्स या खुल्या प्रणालीची बोली तिच्याहून बरीच महाग होती. तरीही २८ मे २००३ रोजी नगर परिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. म्युनिकने फुकट मिळते म्हणून लिनक्स घेतले, हा समज इथेच खोटा ठरतो.

योजनेचे नाव लिमक्स. निर्णय झाला, पण काम लगेच सुरू झाले नाही. २००४मध्ये सॉफ्टवेअर पेटंटच्या धास्तीने निविदा काही काळ अडल्या. पहिले कर्मचारी नव्या यंत्रणेवर आले ते २००६मध्ये. आधी डेबियन, पुढे उबुंटू, दोन्ही लिनक्सचेच अवतार.

खरा गुंता निघाला तो कागदपत्रांत. प्रत्येक खात्याचा संगणक विभाग वेगळा, त्याच्या पद्धती वेगळ्या. पत्रांचे आणि अर्जांचे हजारो नमुने वर्डमध्ये बनवलेले, त्यांत कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम. ते वर्डच्या जागी आलेल्या ओपनऑफिसमध्ये जसेच्या तसे चालेनात. कोणत्या खात्यात काय वापरात आहे याची धड यादीही नव्हती. अखेर पालिकेच्या माणसांनी वोलमक्स नावाचे स्वतःचे साधन लिहिले, नमुने एका साच्यात आणले आणि ते साधन सर्वांसाठी खुले केले. लिनक्सचे कौतुक करणारे लेख या कंटाळवाण्या कामाला दोन ओळीही देत नाहीत. वर्षे मात्र त्यातच गेली.

२०१३ संपता संपता जवळपास पंधरा हजार संगणक लिमक्सवर होते. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा दावा पालिकेने केला; मायक्रोसॉफ्टसाठी एचपीने मांडलेला हिशेब नेमका उलटा निघाला. परवान्यांइतकाच माणसांचा वेळ धरायचा की नाही, यावर असे हिशेब हवे तसे वळतात.

२०१४मध्ये महापौरपदावरून ऊडे गेले, डीटर राइटर आले. मायक्रोसॉफ्टविषयीची आपली पसंती त्यांनी लपवली नाही. कंपनीचे जर्मन मुख्यालय शेजारच्या उंटरश्लाइसहाइममधून २०१६मध्ये म्युनिक शहरात आले. ते आणण्यात राइटर यांनी आधीच्या पदावर असताना हातभार लावला होता. एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, पण कुजबुज व्हायची ती झालीच. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी मात्र खऱ्या होत्या: बाहेरून आलेल्या फायली बिघडत, काही खास प्रणाली फक्त विंडोजवरच चालत. गंमत अशी की सल्लागार कंपनी अक्सेंचरच्या २०१६च्या अहवालानेही मुख्य दोष कारभाराच्या विस्कळीत रचनेवर ठेवला होता. लिनक्स काढल्याने ती रचना कशी सुधारणार होती, कोण जाणे. नोव्हेंबर २०१७मध्ये परिषदेने विंडोज १०कडे परतण्याचे ठरवले. अंदाजित खर्च सुमारे पाच कोटी युरो.

मे २०२०मध्ये ग्रीन पक्ष आणि राइटर यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष यांनी नवा सत्ता-करार केला. जनतेच्या पैशाने बनलेले सॉफ्टवेअर शक्य तिथे जनतेसाठी खुले असावे, असे कलम त्यात आले. महापौर राइटरच होते. पुढे २०२४मध्ये उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने तीस हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणि नंतर लिनक्स आणायचे जाहीर केले.