जुन्या चिठ्ठीवर पोटाचे औषध नको

हिंगोली : जुनाट बद्धकोष्ठता आणि आतड्यांचा ‘आयबीएस’ हे विकार वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांची जुनीच चिठ्ठी दाखवून औषध घेण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यातील धोका ‘टेगासेरॉड’ या औषधाच्या इतिहासावरून ध्यानात येतो.

बद्धकोष्ठतेसह आयबीएस असलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेत २००२ मध्ये ते संमत झाले. पुढे चाचण्यांची एकत्रित छाननी झाली. औषध घेतलेल्या ११,६१४ जणांपैकी १३ जणांना हृदयविकार, पक्षाघात यांसारखे गंभीर त्रास झाले. औषधविरहित गोळी घेतलेल्या ७,०३१ जणांत असा एकच रुग्ण आढळला. मार्च २००७ मध्ये तेथील विक्री थांबली. भारतात मार्च २०११ मध्ये त्यावर बंदी आली. त्याआधी फेब्रुवारीत, हृदयाचे ठोके अनियमित करू शकणारे ‘सिसाप्राइड’ही बंद झाले होते.

म्हणून चिठ्ठी वेळोवेळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. लोह, कॅल्शियम व काही वेदनाशामक गोळ्यांनीही मलावरोध होतो. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावे, अन्यथा ते फुगून अडकू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मॅग्नेशियमयुक्त रेचके स्वतःहून घेऊ नयेत. आयबीएसमध्ये काहींना मलावरोध, तर काहींना जुलाब होतात. एकाचे औषध दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते.

शौचावाटे रक्त पडणे, वजन घटणे, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू होणे, अशा वेळी गोळ्या बदलत न बसता हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय वा जवळचे शासकीय रुग्णालय गाठावे.