‘ऑल्ड लँग साइन’ : लय निरोपाची, शब्द भेटीचे

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बाराचे ठोके पडले, की एडिंबरापासून न्यूयॉर्कपर्यंत एकच धून ऐकू येते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या अखेरीस उत्तीर्ण छात्र संथ पावले टाकीत ‘अंतिम पग’ ओलांडतात, तेव्हाही बँडवर तीच असते. प्रेक्षागृहात बसलेल्या आईवडिलांचे डोळे पाणावतात ते याच क्षणी. ‘ऑल्ड लँग साइन’ हे या स्कॉटिश गीताचे नाव. ‘फार फार पूर्वीचे दिवस’ असा त्याचा साधारण अर्थ. शेवटच्या शब्दाचा उच्चार ‘साइन’ असा आहे. ‘झाइन’ म्हणण्याची सवय जगभर असली, तरी स्कॉटिश माणसाच्या कानाला ती खटकते.

गीताचे शब्द रॉबर्ट बर्न्स (१७५९-१७९६) या कवीच्या नावावर असले, तरी ते सर्वस्वी त्याचे नाहीत. याच ध्रुवपदाची कवने त्याच्या आधीपासून प्रचलित होती. जेम्स वॉटसनने १७११ मध्ये त्यांपैकी एक छापलेही होते. एका वृद्धाच्या तोंडून ऐकून आपण हे गीत उतरवून घेतले, असे बर्न्सने १७९३ मध्ये संपादक जॉर्ज थॉमसनला कळविले. त्याच पत्रात गीताची चाल मात्र सुमारच असल्याचा शेराही त्याने मारला आहे. हा शेरा आज सर्वांना ठाऊक असलेल्या चालीबद्दल नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

या गीताच्या चाली दोन आहेत. ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या संग्रहाच्या पाचव्या खंडात १७९६ मध्ये, म्हणजे बर्न्सच्या निधनानंतर काही महिन्यांनी, ते प्रथम छापले गेले ते जुन्या, संथ आणि काहीशा उदास चालीवर. थॉमसनने १७९९ मध्ये आपल्या संग्रहात तेच शब्द दुसऱ्या चालीवर बसविले. ही दुसरी चाल ‘द मिलर्स वेडिंग’ या नृत्यधुनेच्या कुळातील. विल्यम शील्डच्या ‘रोझिना’ (१७८२) या संगीतिकेतही तिच्याशी मिळतीजुळती धून आढळते. पुढे जगभर पसरली ती हीच.

नृत्यधून हा येथे कळीचा मुद्दा आहे. ‘स्ट्रॅथस्पे’ हा स्कॉटलंडचा ठसकेबाज नृत्यप्रकार. त्याचा ताल चार मात्रांचा, पण स्वर समान वजनाचे नसतात. एक लांब, तर त्याला जोडून दुसरा अगदी आखूड, अशी झोके घेणारी चाल असते. ‘ऑल्ड लँग साइन’मध्ये दीड मात्रेच्या स्वरामागून अर्ध्या मात्रेचा स्वर येतो, तो या झोक्याचाच अवशेष होय. लय वाढविली, तर पाय थिरकू लागतात. लय उतरविली, की तोच झोका उसाशासारखा वाटू लागतो. धून तीच, स्वर तेच. केवळ गती बदलल्याने लग्नघरातील नाच निरोपाचे गीत होतो.

स्वरांच्या बाबतीत मराठी कानांना ही धून परकी वाटण्याचे कारण नाही. सा, रे, ग, प आणि ध या पाचच शुद्ध स्वरांवर ती उभी आहे. मध्यम आणि निषाद वर्ज्य. म्हणजेच भूप रागाचे स्वर. अर्थात हा भूप नव्हे. रागाचे चलन, वादी-संवादीचा विचार येथे नाही आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद सोबतीच्या स्वरमेळात वर्ज्य स्वरही बिनदिक्कत वापरतो. तरीही समेच्या एक मात्रा आधी मंद्र पंचमावरून उठून षड्जावर येणारी आणि पहिली ओळ संपताना धैवत गाठणारी ही धून हार्मोनियमवर एकदा वाजवून पाहावी. ओळख पटायला वेळ लागत नाही.

पट्टी बहुधा ‘एफ मेजर’ची, म्हणजे आपल्याकडील पांढरी चार, अनेक पुस्तकांत ‘जी मेजर’, म्हणजे पांढरी पाच, आढळते. यामागे गूढ काही नाही. धुनेचा विस्तार मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंत, सप्तकाहून थोडा अधिक आहे. पांढरी चारमध्ये तो सर्वसाधारण गळ्याला सहज पेलतो. मध्यरात्री, तेही चार घोट घेतल्यावर, गाणाऱ्या जमावाची सोय पाहणे भागच आहे.

आता भावाचा प्रश्न. शब्द पाहिले, तर हे निरोपाचे गीत नाहीच. बालपणी एकत्र हुंदडलेले आणि नंतर समुद्रांनी दुरावलेले दोन मित्र पुन्हा भेटतात, हात हातात घेतात आणि जुन्या दिवसांच्या नावाने प्याला उचलतात, एवढाच त्याचा आशय. त्यातील ओलावा पुनर्भेटीचा आहे. निरोपाचा रंग चढला तो वापरामुळे. जपानमध्ये १८८१ मध्ये याच धुनेवर वेगळे शब्द रचून शालेय गीत तयार झाले आणि ते पदवीदानाशी जोडले गेले. ‘वॉटर्लू ब्रिज’ (१९४०) या चित्रपटात वादक एकेक मेणबत्ती विझवीत ही धून तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये वाजवितात. जपानी दुकाने बंद होताना ऐकू येणारी धून या वॉल्ट्झवरूनच आली. कोरियात १९४८ पूर्वी आणि मालदीवमध्ये १९७२ पूर्वी राष्ट्रगीताचे शब्द याच चालीवर गायले जात. रवींद्रनाथ टागोरांचे ‘पुरानो सेइ दिनेर कथा’ मात्र जुन्या सख्यांच्या भेटीचा मूळ भाव जपून आहे.

मूळ चालीकडे अलीकडच्या काळात पुन्हा लक्ष गेले आहे. जीन रेडपाथ (१९३७-२०१४) आणि माइरी कॅम्पबेल या गायिकांनी ती सावकाश, जवळजवळ कुजबुजल्यासारखी गायिली आहे. ती ऐकताना चार मित्रांपुरती खोली डोळ्यांसमोर येते, बारा वाजताची गर्दी नव्हे.

एक तपशील मात्र जमावाने गातानाही पाळण्याजोगा. हात छातीवर आडवे घेऊन शेजाऱ्यांचे हात धरण्याची प्रथा स्कॉटलंडमध्ये केवळ शेवटच्या कडव्यासाठी आहे. मैत्रीचा हात पुढे करण्याचा उल्लेख त्या कडव्यात येतो. तोपर्यंत हात नुसतेच धरायचे असतात. इतरत्र पहिल्या ओळीपासूनच हात आडवे होतात.