यंत्रांचीं इंद्रियें



माझ्या उमेदीच्या काळांत शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका खिळे जुळवून छापल्या जात. प्रश्न फुटूं नयेत म्हणून छपाई संपेपर्यंत छापखान्यांत बसून राहण्याचें काम मजकडे असे. तेथील वृद्ध जुळारी हस्तलिखितावरील नजर न काढतां भराभर खिळे उचलीत. "खिळा उलटा लागला तर आपणांस कळतें कसें?" असें मीं एकदां त्यांस विचारिलें. त्यांनीं एक खिळा माझ्या हातीं दिला. त्याच्या अंगावर एक बारीक खांच होती. ते म्हणाले, "मास्तर, ही खांच आंगठ्याला लागली कीं खिळा सरळ आहे असें समजावें. अक्षर पाहावें लागत नाहीं."

यंत्रविद्येच्या इतिहासाचा विचार करूं लागलों म्हणजे मला त्या खांचेची आठवण होते. एखादा लहानसा भेद हेरावयाचा आणि त्यावरून पुढील हालचाल ठरवावयाची, एवढें काम मनुष्यानें जेव्हां यंत्राकडे सोंपविलें, तेव्हां यंत्रास जणूं इंद्रियें लाभलीं. छपाई, रहदारी आणि चित्रग्रहण ह्या तीन क्षेत्रांत यंत्रास स्पर्श, श्रवण आणि दृष्टि कशीं प्राप्त झालीं, आणि त्यांत काय उणें राहिलें, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम स्पर्श. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं ऑटमार मर्गेंटालर नांवाचा, जर्मनींत जन्मलेला व घड्याळजीचें काम शिकलेला एक कारागीर राहत असे. त्याचें लायनोटाइप यंत्र १८८६ च्या जुलै महिन्यांत 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' ह्या वृत्तपत्राच्या छापखान्यांत कामास लागलें. कळ दाबली कीं त्या अक्षराचा पितळी सांचा वरच्या पेटींतून खालीं येई. सांच्यांची ओळ भरली म्हणजे मधल्या पाचरी वर रेटून ती नेमक्या रुंदीची केली जाई, आणि शिशाच्या मिश्रधातूचा रस ओतून सबंध ओळ एका तुकड्यांत निघे. परंतु खरें कौशल्य पुढेंच आहे. वापरलेले सांचे आपापल्या कप्प्यांत परत जावयाचे कसे? त्यासाठीं प्रत्येक सांच्याच्या माथ्यावरील खोबणींत दोहों बाजूंस सात-सात दांत्यांची जागा राखलेली असे. कोणत्या अक्षराचे कोणते दांते ठेवावयाचे आणि कोणते काढावयाचे, हें आधींच ठरलेलें. पन्हळी पाडलेल्या दांडीला लटकून सांचे पुढें सरकत. जेथें दांत्यांचा आधार सुटे तेथें ते गळून पडत, आणि खालीं नेमका त्यांचाच कप्पा असे. यंत्रास अक्षरओळख नव्हती. जुळाऱ्याच्या आंगठ्यास जशी खांच, तसे यंत्रास दांते.

मात्र ह्या यंत्रास ९० कळा होत्या. इंग्रजीस त्या पुरत. जोडाक्षरें, मात्रा आणि रफार यांनीं भरलेल्या देवनागरीच्या केसेंत मात्र शेंकडों प्रकारचे खिळे लागत. ज्या लिपीसाठीं यंत्र घडलें तिच्यापुरतेंच त्याचें ज्ञान. मुंबईस १८६७ मध्यें जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनीं खिळे ओतण्याच्या नव्या यंत्रांपायीं लंडनमध्यें व पुढें न्यूयॉर्कमध्यें अनेक वर्षें वेंचिलीं. देवनागरी लायनोटाइपवर आणण्याचा उद्योग १९३० नंतरच्या दशकांत हरि गोविल यांनीं न्यूयॉर्क येथें केला, आणि तो चिन्हांची संख्या कमी करूनच करावा लागला. म्हणजे यंत्राला आमची लिपी शिकवितांना आमच्या लिपीसही यंत्रापुढें थोडें वांकावें लागलें.

आतां श्रवण. रहदारीच्या दिव्यांचा आरंभ लंडनमध्यें झाला. जॉन पीक नाइट ह्या रेल्वे अभियंत्याच्या सूचनेवरून १८६८ च्या डिसेंबरांत पार्लमेंटच्या इमारतीजवळ एक खांब उभारण्यांत आला. दिवसां त्याचे हात हलत. रात्रीं गॅसचे तांबडे व हिरवे दिवे लागत. हा खांब आंधळा आणि बहिरा होता. त्याचे डोळे आणि कान म्हणजे तो फिरविणारा पोलीस शिपाई. पुढच्याच महिन्यांत गॅसचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला, आणि हा प्रयोग गुंडाळावा लागला.

पुढें साठ वर्षांनीं, ज्या बाल्टिमोरमध्यें मर्गेंटालर राहत असे त्याच शहरांत, चार्ल्स ॲडलर यांनीं खांबास कान दिले. १९२८ च्या फेब्रुवारींत बसविलेल्या त्यांच्या दिव्याच्या खांबावर मायक्रोफोन होता. आडरस्त्यानें आलेल्या मोटारीनें भोंगा वाजविला कीं तो आवाज ऐकून दिवा पालटे आणि तिला वाट मिळे. युक्ति नामी खरी. पण तिच्यांतील न्याय असा कीं, ज्याच्यापाशीं भोंगा त्याला रस्ता. पायीं जाणाऱ्या वृद्धानें काय वाजवावें? ॲडलर यांच्या लक्षांत ही उणीव आली असावी. कारण १९२९ मध्यें त्यांनींच पादचाऱ्यांना बोटानें दाबतां येईल अशी कळ बसविली. लंडनमध्यें कॉर्नहिल आणि ग्रेसचर्च स्ट्रीट यांच्या नाक्यावर १९३२ मध्यें जे दिवे लागले, ते गाडीच्या चाकांचा दाब ओळखून पालटत. यंत्रानें गोंगाट ऐकणें सोडून पुन्हां स्पर्शाचा आश्रय केला.

शेवटीं दृष्टि. आरंभीं चित्र पाठविणारें यंत्रही चांचपडतच होतें. १८६५ मध्यें पॅरिस आणि लियों यांच्या दरम्यान सुरू झालेल्या कासेली यांच्या यंत्रांत, धातूच्या पत्र्यावर वीज न वाहूं देणाऱ्या शाईनें काढलेलें चित्र एक टोंचणी ओळीओळीनें चांचपीत जाई. डोळा लाभला तो अनपेक्षितपणें. समुद्राखालील तारांची कसोटी घेतांना विलोबी स्मिथ यांनीं सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. पेटीचें झांकण लाविलें कीं त्यांचा विजेस होणारा विरोध वाढे आणि उजेड पडला कीं कमी होई. ही वार्ता १८७३ मध्यें प्रसिद्ध झाली. जर्मनींतील आर्थर कोर्न यांनीं तिचाच उपयोग केला. फिरत्या कांचेच्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या छायाचित्रांतून पार होणारा उजेड सेलेनियमवर पाडून १९०७ मध्यें त्यांनीं बर्लिनहून पॅरिसला तारेनें चित्रें पाठविलीं. सेलेनियम उजेडाच्या बदलास जरा उशिरां दाद देई. तो आळस भरून काढण्यासाठीं त्यांनीं दुसरा सेलेनियमचा घटक जोडला.

१९३८ मध्यें 'सुपर कोडॅक सिक्स-२०' हा कॅमेरा निघाला. त्यांत उजेडानें स्वतः वीज उत्पन्न करणारा सेलेनियमचा घटक होता. त्या विजेनें एक सुई हाले. खटका दाबतांच ती जागच्या जागीं पकडली जाई, आणि तिच्या स्थानाप्रमाणें भिंगापुढील छिद्र लहान-मोठें होई. परंतु ही सुई समोरच्या एकंदर उजेडाची सरासरी सांगे. त्यांत माणूस कोठें उभा आहे हें तिला ठाऊक नसे. म्हणून पांढऱ्या भिंतीपुढें उभ्या असलेल्या सांवळ्या मनुष्याचें छायाचित्र घेतलें कीं भिंत ठीक येई आणि चेहरा मात्र काळवंडे.

ह्या इतिहासाचें तात्पर्य मला असें वाटतें. यंत्रास जो भेद जाणवावा अशी योजना केली, तेवढेंच त्याचें जग. बाकीचें सारें त्याच्या लेखीं नाहींच. कोणता भेद जाणवावा, हें मात्र यंत्र ठरवीत नाहीं, मनुष्य ठरवितो. म्हणून यंत्र चांगलें चालतें कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं. त्याच्या जाणिवेबाहेर कोण राहिलें, हेंही पाहावें लागतें.

हें सांगतांना माझाही एक अपराध मला आठवतो. वर्गांत प्रश्न विचारल्यावर जीं मुलें हात वर करीत, त्यांजकडेच माझें लक्ष जाई. मागच्या बांकावरील एक मुलगी कधींच हात वर करीत नसे, आणि तिला कांहीं येत नाहीं असें मीं गृहीत धरून चाललों होतों. वर्षअखेर तिची उत्तरपत्रिका तपासतांना माझी मान खालीं गेली. बाल्टिमोरच्या खांबाप्रमाणें मीही वर्षभर भोंगा वाजविणाऱ्यासच वाट देत होतों. पुढील वर्षापासून मीं हजेरीच्या क्रमानें प्रश्न विचारण्यास आरंभ केला. खांबास दुसरी कळ बसविण्यास ॲडलर यांना एक वर्ष लागलें. मला मात्र त्याहून पुष्कळच अधिक वर्षें लागलीं.