औषधाची वाट



डोकें दुखूं लागलें म्हणजे आपण एक गोळी गिळतों, आणि घटकाभरानें बरें वाटूं लागतें. गोळी गेली पोटांत, दुखणें होतें डोक्यांत. मग तिला तिथवर नेलें कोणीं?

या प्रश्नाच्या मुळाशीं १८०९ सालीं पॅरिस येथें फ्रांस्वा माझांदी हा तरुण शास्त्रज्ञ पोंचला. बाहेरचा पदार्थ शरीरांत शोषून घेणें हें काम लसवाहिन्यांचें आहे, शिरांचें नव्हे, असें तत्कालीन पंडित मानीत. माझांदी व त्याचा सहकारी देलील यांनीं एका कुत्र्याचा मागचा पाय धडापासून वेगळा केला. एक धमनी व एक शीर एवढाच दुवा राखला. मग त्या पायांत जावा बेटांतील एका वनस्पतीचें जहाल विष घातलें. कांहीं मिनिटांतच कुत्र्याच्या सर्वांगाला आंचके येऊं लागले. पुढें रक्तवाहिन्या तोडून मध्यें पिसाच्या पोकळ नळ्या बसविल्या, परिणाम तोच. प्रयोग निर्दय खरा; पण विष रक्तांतूनच पसरतें, हें त्यानें निर्विवाद ठरविलें.

रोग्याच्या उशाशीं बसणाऱ्या डॉक्टरांना मात्र याचा पुरता अर्थ उमगावयास अर्धें शतक लागलें. एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनीं १८५३ सालीं खांद्याच्या मज्जातंतुशूलानें पीडलेल्या एका वृद्ध स्त्रीला ठणकणाऱ्या जागींच सुईनें मॉर्फिया टोचला. वेदना शमली, पण बाईंना अशी गाढ झोंप लागली कीं, दुसऱ्या दिवशींही बराच वेळ त्या पुरत्या जाग्या झाल्या नाहींत. खांद्यांतलें औषध मेंदूपर्यंत गेल्याची ही साक्षच होती. वुड यांनाही ती दिसली; तरी दुखऱ्या मज्जातंतूजवळच औषध पडलें पाहिजे, हा आग्रह त्यांनीं सोडला नाहीं.

१८५८ सालीं लंडनच्या चार्ल्स हंटर यांना निराळा अनुभव आला. एकाच जागीं वारंवार टोचल्यानें गळूं झालें, म्हणून त्यांनीं दूरची जागा निवडली. आराम तितकाच पडला! दोघांत वाद माजला. अखेर १८६७ सालीं लंडनच्या वैद्यकमंडळाच्या समितीनें हंटर यांच्या बाजूनें कौल दिला.

हा वाद निव्वळ पंडिती नव्हता. टोचलेलें औषध पोटांत जात नाहीं, म्हणून त्याची चटकही लागणार नाहीं, असा भ्रम त्या काळीं पसरला होता. वस्तुस्थिति उलट आहे. गिळलेली मात्रा आंतड्यांत शोषली जाऊन प्रथम यकृतांत जाते. तें जणूं जकातीचें नाकें. मॉर्फियाचा मोठा भाग तेथेंच निकामी होतो. टोचलेली मात्रा तें नाकें चुकवून रक्ताबरोबर मेंदूंत शिरते. १८७० सालीं डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनीं धोक्याची सूचना दिली, तेव्हां त्यांच्याच पाहण्यांतील कांहीं रुग्ण महिनोन्महिने सुईवांचून राहूं शकत नव्हते.

जागच्या जागीं बधिरता आणणारीं वा वरून लावावयाचीं औषधें सोडलीं, तर बहुतेक औषधांना पत्ता ठाऊक नसतो. रक्त त्यांना दारोदार नेतें. म्हणून गुडघ्यासाठीं गेलेल्या रोग्याला डॉक्टर पोटाचें, यकृताचें, मूत्रपिंडाचें वर्तमान विचारतात, तें उगीच नव्हे. तें मोकळेपणानें सांगावें.